तेजराम पाणकराचं अर्धं दार

एकोडीच्या तलावाचं पाणी धानाच्या शेतातल्या कोणत्या बांधीला कधी सोडायचं, हे तेजराम पाणकर ठरवायचा. पण तलावाचं दार उघडायला तो भ्यायचा. एका साली ते जरा जास्त उघडलं गेलं अन् खुद्द सासऱ्याची नुकती लावलेली रोवणी वाहून गेली. तेव्हापासून गडी दार अर्धंच उघडी, तेही एक दिवस आड.

त्याच्या लेकीला, अंजूला, सिकलसेल हा रक्ताचा आजार. हाडं ठणकली की पोरगी उशी चावून रडायची. भंडाऱ्याला नेलं, तेव्हा ती बाहेर बाकावर कण्हत पडली होती. आत डॉक्टरीणबाईंनी तेजरामला रोजची गोळी लिहून दिली अन् समजावलं, "पेशीत हजारो जीन असतात, पण पुष्कळसे बंद. पेशी हवा तेवढाच उघडून कामापुरती त्याची नक्कल काढते. नको ती नक्कल निघालीच, तर पेशी तिचे तुकडे करून टाकते. पोटातल्या बाळाचं रक्त घडवणारा जीन जन्मानंतर बंद होतो. ही गोळी तो थोडा उघडते, म्हणजे रक्त सुधारतं."

झालं! तेजरामच्या डोळ्यांपुढे तलावाचं दार आलं. निसर्गानं बंद केलेलं दार, अन् आपण रोज उघडायचं? त्याच्यासंगं बाकीचीही उघडली तर पोरीच्या अंगात काय काय सुटेल? विचारायची छाती झाली नाही. गोळ्यांची डबी त्यानं स्वतःजवळ ठेवली अन् गोळी एक दिवस आड देऊ लागला.

"डॉक्टरीणनंच तसं सांगतलं," असं पोरीला बेधडक खोटं बोलला. बापच तो, पोरीनं विश्वास ठेवला.

धान कापणीला आलं अन् अंजूच्या छातीत कळ उठली. श्वास पुरेना, ओठ निळे पडले. दवाखान्याच्या गाडीत बापाचा हात धरून म्हणाली, "बाबा, गोळी त मी घेऊनच राहिली ना? मंग काहून असं झालं?"

तेजरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला ऑक्सिजन लागल्यावर त्यानं डॉक्टरीणबाईंपुढे तलावाच्या दारापासून सगळं सांगून टाकलं.

"अहो, हे काय तलावाचं पाणी आहे?" त्या कडाडल्या. "बाकीच्या जीनांवर आपापला पहारा असतो. गोळी जड जाते का, हे पाहायलाच तर आपण रक्त तपासतो! भीती वाटली तर मला विचारायचं, डोस नाही कापायचा."

अंजू वाचली. घरी आल्यावर त्यानं डबी तिच्यापुढे ठेवली अन् खरं सांगितलं. अंजूनं डबी उचलून ओढणीच्या टोकाला बांधली.

"तुमी तलाव पाहा, बाबा. हे माह्यापाशी राहू द्या."

तिनं गोळी गिळली तेव्हा तेजरामनं डोळे गच्च मिटून घेतले होते.