काकांचं ताजं खत

आमच्या शेजारच्या काकांनी चाळीस वर्षं बेकरी चालवली आणि त्या काळात शिळा पाव विकला नाही. कालचा पाव मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते असं बघत, की तो बिचारा माफी मागून आजचा घेऊन जाई. पुढे बेकरी पुतण्याच्या हाती दिली, पण स्वभाव देता आला नाही.

मागच्या अंगणात काकूंचं लिंबाचं झाड आहे. सहा वर्षं नुसतं वाढलं आणि यंदा पहिल्यांदा फुललं. नेमकं तेव्हाच मुलीच्या बाळंतपणासाठी काकूंना दीड महिना जावं लागलं. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "बाकी घर जळलं तरी चालेल, हे झाड सांभाळा."

काका झाड सांभाळायला लागले, इथेच चुकलं.

झाडाला ताकद यावी म्हणून त्यांनी कोंबड्यांचं खत आणायचं ठरवलं. कोंबडीवाला भला माणूस. त्याने सहा महिने कुजलेला ढीग दाखवला. काकांचा चेहरा पडला. चाळीस वर्षं ज्याने लोकांना ताजं खाऊ घातलं, त्याला हा शिळा माल देतो म्हणजे काय? त्यांनी त्याच सकाळचं, अजून ओलं असलेलं खत निवडून घेतलं आणि चार पाट्या बुंध्याशी रचल्या. दोन दिवस आम्ही खिडक्या लावून बसलो. पाचव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, आठव्या दिवशी फुलं गळली आणि दहाव्या दिवशी झाडाचा खराटा झाला.

काका मला घेऊन रोपवाटिकेतल्या बाईंकडे गेले. मेलेल्या माणसाचं औषध विचारावं तशा आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी खताच्या ताजेपणाचं वर्णन शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, पीठ मळल्या मळल्या कधी भट्टीत घातलंत का?"

"छे. फुगायला नको?"

"मग?"

 परत येताना काका मला म्हणाले, "चाळीस वर्षांत मला हे कोणी विचारलंच नव्हतं."

त्या संध्याकाळी खत उपसून कोपऱ्यात वाळक्या पानांत पुरलं आणि मुळांशी पाणी सोडून सोडून माती धुतली. पुढे बाईंच्या सांगण्याप्रमाणे कंपोस्टचा चहा. जुन्या धोतराच्या पुरचुंडीत मुरलेलं कंपोस्ट बांधून बादलीभर पाण्यात सोडायचं, मासे पाळायच्या टाकीतल्या पंपाने त्यात दिवसभर हवा सोडायची, आणि दुसऱ्या दिवशी ते तपकिरी पाणी झाडाला. काका बादलीपाशी स्टूल टाकून बसत आणि फेस आला की मला हाक मारत. नवी सूनसुद्धा एवढ्या कौतुकाने कोणी दाखवत नाही.

काकू आल्या तेव्हा झाड उघडंबोडकंच होतं. काकांनी तोंड उघडलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "फाटकातच तुमच्या तोंडावरून कळलं."

त्यांनी नखाने फांदी खरवडली. आत हिरवं होतं. काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि बादलीत डोकावून विचारलं, "हे आज घातलंत का?"

काकू आल्यापासून अकराव्या दिवशी तांदळाच्या दाण्याएवढी दोन पानं दिसली. लिंबं मात्र यंदा नाहीत. काकूंनी जाहीर केलंय की पुढच्या वेळी मुलीकडे जाताना त्या काकांना बरोबर नेणार आहेत.

कोपऱ्यातल्या खताच्या ढिगावर आता बेकरीतली जुनी पाटी उभी आहे. 'ताजा माल' ही बाजू भिंतीकडे. मागच्या बाजूला काकांनी खडूने लिहिलंय : 'शिळं होत आहे. हात लावू नये.'