मालूनं माझं नाव सांगितलं

माझा हात वाईट. निपाणीच्या वखारीत तीस वर्षं तंबाखूची मणामणाची बोदं उचलून तो दगड झालाय, आन् राग आला की डोक्याच्या आधी तोच पळतो. एका मुकादमाचा दात पाडला, शेजाऱ्याचं कवाड फोडलं. बायकोला, बेबीला, किती मारलं त्याला मोजदाद न्हाय. कुणी इचारलं की ती सांगायची, न्हाणीत पाय घसरला. आई हुती तवर तीबी तसंच झाकायची. आमची न्हाणी लई निसरडी हुती म्हणायची.

धाकटी बहीण मालू. विड्या वळायची. दाल्ला मेल्यावर शेजारच्या अंबुबाईबरोबर प्रार्थनेला जाऊ लागली आन् येशूची झाली. मी सांगितलं, तू मेलीस तरी माहेरचं लुगडं आणणार न्हाय. आमच्यात बाई मेली की शेवटचं लुगडं भावानं घालायचं असतंय. ते न्हाय मिळालं तर बेवारस गेली म्हणत्यात. सहा वर्षं तिचा उंबरा ओलांडला न्हाय.

मग तिच्या जबड्यात गाठ आली. बेळगावच्या डॉक्टरनं सांगितलं, कॅन्सर पसरलाय, आता चार-सहा म्हैने. आन् वखारीत कळलं, दर रविवारी तिच्या घरात बायका जमून एकेक जणी देवाचे आभार मानतीया. आभार? कशाचे? तोंड सडाय लागलंय आन् आभार? मी पिसाळलो.

लाथंनंच कवाड उघडलं. बाजाची पेटी उचलून भितीवर हाणली. प्रार्थना चालवणारा पाळक स्वरूप, काडीपैलवान, हात जोडत म्होरं आला, त्याला कॉलरला धरून आपटला, एक ठोसा हाणला. दुसऱ्या ठोशाला मालू आडवी आली. माझी मूठ तिच्या सुजल्या जबड्यावर बसली. तसला आवाज मी माणसाचा कधी ऐकला न्हवता. तिच्या तोंडातनं रगात गळाय लागलं.

पोलीस आलं. मला वाटलं, बहीण हाय, पडले म्हणंल. तिनं पदरानं तोंड पुसलं आन् माझ्याकडं बोट केलं.

"रवळूनं मारलं. माझा भाऊ हाय. लिवून घ्या."

आठ दिस आत हुतो. तिला किती शिव्या घातल्या, सांगत न्हाय. सोमवारी बेबी भेटाय आली. म्हणाली, काल मालूवन्संच्याकडं गेलते. त्यांना नीट बोलता येईना, तरी प्रार्थनेत म्हणाल्या, देवा, रवळू सहा वर्षांनी माझ्या घरी आला, तुझे आभार. एवढं सांगून बेबीनं माझ्या डोळ्यात बघितलं. लग्नापास्नं पहिल्यांदाच बघितलं आसंल.

"वन्संनी सांगितलं. आता हितनं म्होरं मीबी सांगणार."

गजाच्या आत मी, भाईर ती. हात उचलावा तर पोचत न्हवता.

जामीन झाल्यावर बाजारात जाऊन जांभळं लुगडं घेतलं. भावकीनं तोंड सोडलं, जित्या बाईला शेवटचं लुगडं घालतोस व्हय रं मुडद्या? घातलं. मालूनं रविवारी ते नेसलं, भितीला टेकून बसली. स्वरूप आला हुता, हात गळ्यात बांधलेला. एकेक बाई आभार मानत गेली आन् पाळी माझ्यावर आली. दात दातावर बसलं. मालूनं लई वेळ वाट बघितली.

मग हळू म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आलं की म्हण."

त्या रविवारपास्नं बाराव्या दिशी ती गेली. त्याच लुगड्यात पुरली. सगळ्यांनी मूठ-मूठ माती टाकली. मीबी घेतली, पर मूठ उघडंना. बोटं आखडली हुती. शेवटी अंबुबाईनं एकेक बोट सोडवलं, तवा माती पडली.

"मालू," मी म्हणालो, "माझं नाव सांगितलंस. आभार."

बेबी शेजारीच उभी हुती. तिनं ऐकलं.