मुरबाडच्या खटल्यातला ‘ळ’

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती शेवटची आजारी होती, मी उशाशी बसून असायचो—तेव्हाही नाही.

मी हस्ताक्षरतज्ज्ञ होतो. चिठ्ठी, मृत्युपत्र, सही—कोर्टाला शंका आली की कागद माझ्या भिंगाखाली यायचा. मी म्हणेन त्याचं ते अक्षर. लोक विश्वास ठेवायचे. का ठेवू नये?

पन्नासच्या दशकातली गोष्ट. नोकरीत नवा होतो. मुरबाडजवळ एका जमीनदाराचं भाताचं खळं कुणीतरी पेटवलं, राखणदाराचे दोन्ही हात भाजले. जमीनदाराच्या दारावर चिठ्ठी सापडली—‘जमीन सोड, नाहीतर जळशील.’ पोलिसांनी सोमाला धरलं. ठाकरवाडीतला मजूर, लहानपणी शहापूरला मामाकडे राहून चौथीपर्यंत शिकलेला. वाडीत लिहिता येणारा दुसरा होता कोण?

त्याच्याकडून लिहून घेतलेले नमुने आणि ती चिठ्ठी मी शेजारी ठेवली. दोन्हीकडे ‘ळ’ची शेपटी उलटी आत वळलेली, टोकाला गाठ. असा ‘ळ’ मी दुसरीकडे पाहिला नव्हता—असं मला वाटलं. बाकीची अक्षरं? ती मी घाईत पाहिली. लिहून दिलं : दोन्ही एकाच हातचं.

मुरबाडच्या कोर्टात शपथेवर तेच सांगितलं. कारकुनानं जबानी वाचून दाखवली, सहीसाठी पुढे केली. एरवी माझं लिहिणं, सही सगळं इंग्रजीतच असायचं. त्या दिवशी कागद मराठी, म्हणून मराठीत करायला घेतली. माझं नाव बाळकृष्ण. ‘ळ’ काढला—आणि हात थांबला.

तीच शेपटी. तीच गाठ.

मीही शहापूरच्याच शाळेतला. आमच्या मास्तरांनी पाटीवर हात धरून गिरवून घेतलेला ‘ळ’ होता तो. माझा, सोमाचा—आणखी किती जणांचा?

“काही दुरुस्ती?” मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

सोमा पिंजऱ्यातून माझ्याकडेच बघत होता. मी म्हणालो, “नाही.” आणि सही पुरी केली.

भीती वाटली, वय कमी होतं—यातलं काही खरं असेलही. पण मला कळलं होतं. कळल्यावर मी सही केली.

एसटी स्टँडवर त्याची बायको आडवी आली. “साहेब, त्यानं नाय लिवलं. तुमी परत एकदा पाहा ना.” मी कल्याणच्या गाडीत चढलो.

सोमाला सक्तमजुरी झाली. तो आत असतानाच तसलीच धमकीची चिठ्ठी दुसऱ्या एका दारावर सापडली, आणि तपासायला माझ्याच टेबलावर आली. दाब, उतार, जोडाक्षरं—सगळं पहिल्या चिठ्ठीसारखं. लिहिणारा मोकळा फिरत होता. आता तरी? मी शेरा मारला : ‘नमुना अपुरा. मत देता येत नाही.’

पुढे बढत्या मिळाल्या. साठच्या दशकात पोलिसांच्या वर्गात शिकवायचो—एका अक्षरावरून मत देऊ नका, वळण शाळेचंही असू शकतं. पोरं वहीत उतरवून घ्यायची.

एकदा त्या खटल्यातले सरकारी वकील कल्याणला भेटले. सोमा सुटून आला होता. त्याच्या शिक्षेतच बायको वीटभट्टीवर तापानं गेली होती. “आणि गंमत सांगतो,” वकील म्हणाले, “चांगलं लिहिता येतं त्याला, पण सही मागितली की अंगठा पुढे करतो. येडाच!”

ते हसले.

मीही हसलो.