हेमराजचा खडक

देवळीहून यवतमाळकडे जाणारा जो रस्ता आहे, तो पुढे नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर करत थेट रत्नागिरीला समुद्राला जाऊन टेकतो. देवळीतल्या बहुतेकांना त्याचं काही नाही. त्यांचा तो रस्ता फार तर यवतमाळच्या सोयऱ्यांपर्यंत. हेमराजला मात्र त्याचं दुसरं टोक ठाऊक होतं, आणि इथल्या माणसांना त्या टोकापर्यंत नेऊन आणणं हाच त्याचा आयुष्यभराचा धंदा झाला.

खरं तर त्याने दुकानात बसायचं होतं. बापाचं किराण्याचं दुकान बाजाराच्या ओळीत होतं आणि बरं चालत होतं. पण गिऱ्हाइकाची वाट पाहत पंख्याखाली बसणं हेमराजला जमेना. मोठ्या भावाने गल्ला धरला, याने स्टेअरिंग. दुकानदाराचं पोरगं दुसऱ्याची गाडी हाकणार म्हणून बापाने काही दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि नंतर काशीयात्रेला जाताना त्याच्याच गाडीत पुढच्या सीटवर बसला. माणसाचा राग साधारण इतकाच टिकतो.

गाडी वर्ध्याच्या अण्णाजींची. अण्णाजींच्या चार-पाच गाड्या होत्या आणि ड्रायव्हरांसाठी नियम एकच होता: सवारी कुठंही उतरो, ड्रायव्हरने गाडी सोडायची नाही. एकदा कुणा ड्रायव्हरने चहासाठी गाडी सोडली आणि टपावरच्या बॅगा गेल्या, तेव्हापासूनचा तो नियम. हेमराजने तो इतका अंगी बाणवला, की सासुरवाडीच्या लग्नातही तो मांडवापेक्षा गाडीजवळच जास्त सापडायचा.

त्याची स्वतःचीही एक रीत होती. कोकणची सवारी असली की तो आधी केळझरच्या गणपतीला जायचा. आता केळझर पडतं नागपूरच्या वाटेवर, म्हणजे कोकणाच्या नेमकं उलट दिशेला. प्रवासी कुरकुरायचे. हेमराज ऐकायचा नाही. इथल्या गणपतीसमोर एखाद्या प्रवाशाकरवी नारळ ठेवायचा, तोच परत आणवून गाडीत ठेवायचा आणि गणपतीपुळ्याला गेल्यावर प्रवाशांच्या हाती द्यायचा. इकडच्या देवाने तिकडच्या देवाला धाडलेली भेट म्हणायची. वाटेत गाडी बंद पडली नाही की श्रेय नारळाला, आणि पडली तर कुणीतरी देवळातून पाया न पडता आलं असणार.

घाटाचं त्याला चांगलं कळत होतं. आपल्याकडची जमीन पाटासारखी सपाट. वर्ध्याचा माणूस आंबा घाटात शिरला की तिसऱ्या वळणाला त्याचा चेहरा उतरतो. म्हणून घाटाच्या तोंडाशी असलेलं मलकापूर सोडलं की हेमराज सगळ्यांच्या हातावर फुटाणे ठेवायचा आणि चावत राहा म्हणायचा. घाटात तो कुणाला मोबाईल पाहू द्यायचा नाही. धुकं खाली उतरलेलं असलं की काच थोडी उघडून कानाने समोरची गाडी ओळखायचा. घाट उतरला की हवा बदलते, अंगाला चिकटते, आणि बाया पदराने वारा घ्यायला लागतात.

पण त्याची खरी हौस होती आरे-वारेच्या रस्त्याची. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना एक चढ लागतो. तोवर दोन्ही बाजूंना नुसती झाडं आणि लाल माती. त्या चढावर हेमराज गाणी बंद करायचा आणि गाडी हळू करायचा. चढ संपला की एकदम खाली समुद्र, उजवीकडे डोंगर, आणि मधून उतरत जाणारा रस्ता. आयुष्यभर कापूस आणि सोयाबीनचा भाव बोललेली माणसं काही वेळ काहीच बोलायची नाहीत. हेमराज आरशातून त्यांचे चेहरे पाहायचा. मग खाली किनाऱ्याजवळ गाडी लावायचा, दारं उघडायचा, अर्धा तास द्यायचा आणि स्वतः काच पुसत उभा राहायचा.

तो स्वतः समुद्रात कधीच गेला नाही. पहिल्या खेपेला निघाला होता. चपला हातात घेऊन अर्ध्या वाळूपर्यंत पोचला, तेवढ्यात मागून कुणीतरी गाडी बाजूला घे म्हणून ओरडलं. तो परतला. पुढे कारणं सापडत गेली: ओल्या पायाने क्लच धरत नाही, वाळू गाडीत येते, मालक रागावतील. कारणं सगळी खरी होती, म्हणूनच ती इतकी वर्षं पुरली.

पंचाईत घरी झाली. तेव्हा नवीन लग्न झालेलं. बायको दीपमाला सेलूकडची, तिने नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. पहिल्या खेपेहून आल्यावर तिने विचारलं, पाण्यात गेला होतात का? तिच्या डोळ्यांत इतकी उत्सुकता होती, की हेमराज हो म्हणून गेला. मग विचारलं, कसं वाटतं? प्रवासी परतीच्या वाटेवर जे बोलले होते तेच त्याने सांगितलं. पाणी कोमट असतं. लाट मागे गेली की पायाखालची वाळू सरकते, चक्कर आल्यासारखं होतं, पण घाबरायचं नाही, पाय घट्ट रोवून उभं राहायचं.

एक खोटं एकटं कधी राहत नाही. पुढच्या खेपेला दीपमालाने तिखट पुऱ्या आणि जवसाची चटणी बांधून दिली आणि आल्यावर विचारलं, कुठं बसून खाल्ली? खाल्ली होती गाडीतच, दार लावून. पण तसं सांगायला त्याला कसंसंच वाटलं. तो म्हणाला, तिथं एक काळा खडक आहे, सपाट, पाटासारखा. त्यावर बसतो, समोर समुद्र असतो, तुझी आठवण येते. यातली आठवण तेवढी खरी होती. त्यानंतर दरवेळी तो खडकावरच जेवू लागला. खडकाला हळूहळू सावली आली, बाजूला खेकडे आले, एका वर्षी तर एक पांढरा पक्षी दर खेपेला येऊन बसू लागला.

दीपमालाने हे सारं गल्लीत सांगितलं. शेजारच्या मनकर्णाबाई कोकणात निघाल्या तेव्हा आधी तिच्याकडे विचारायला आल्या. मग इतरही यायला लागल्या. समुद्र न पाहिलेली ही बाई देवळीत समुद्राची जाणकार ठरली. लाटेत कसं उभं राहायचं, लुगडं कुठवर खोचायचं, सगळं तिला पाठ. हेमराज ओट्यावर बसून ऐकायचा आणि मान हलवून दुजोरा द्यायचा, कारण आता तो खोटा पडला असता तर तिचंही हसं झालं असतं.

तिला नेईन नेईन म्हणताना वर्षं गेली. सुट्ट्यांच्या दिवसांत सवाऱ्या जास्त, आणि बिनसुट्टीत घरात काही ना काही. खरं कारण हेमराज कुणाला सांगत नव्हता. तिला नेलं की ती खडक विचारणार.

मागच्या वर्षी डॉक्टरने रक्तदाब सांगितला आणि हेमराजने अण्णाजींच्या किल्ल्या परत केल्या. मुलगा पियुष याचं मोबाईलचं दुकान; त्याने जुनी पण चांगली गाडी घेतली होती. दिवाळीनंतर त्याने गाडी बापाच्या हवाली केली आणि म्हणाला, आईला समुद्र दाखवून आणा, माझ्या लहानपणापासून ऐकतो आहे. दीपमालाने त्याच दिवशी पिशवी भरली. हेमराजला हो म्हणण्याशिवाय गती नव्हती.

केळझर करून निघाले. दीपमाला पुढे बसायला आली तेव्हा हेमराजच्या तोंडून निघून गेलं की मागं बसा, मागं आराम असतो. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि पुढेच बसली. पण इतक्या वर्षांचं वळण जाता जाईना. तुळजापूरला त्याने तिला दर्शनाला धाडलं आणि स्वतः गाडीजवळ थांबला. सोलापूरच्या ढाब्यावर ड्रायव्हर बसतात त्या बाजूच्या बाकाकडे वळला. ती पंख्याखालच्या टेबलावर एकटी बसून वाट पाहत राहिली, तेव्हा त्याला भान आलं. आंबा घाटात त्याने तिच्या हातावर फुटाणे ठेवले आणि दरीकडे बोट दाखवून, प्रवाशांना सांगायचा त्याच सुरात म्हणाला, इथं दहा मिनिटं थांबतो. दीपमाला उतरली, दरी पाहिली, परत आली. हा माणूस काच पुसत होता.

आरे-वारेच्या चढावर त्याने गाडी हळू केली. समुद्र दिसला. दीपमालाने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. हेमराजलाही पहिल्यांदाच आरसा लागला नाही. ती शेजारीच होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा त्यालाही भरून आलं, आणि त्याच वेळी भीतीही वाटली, कारण खाली आता खडक दाखवायचा होता.

गाडी लावल्या लावल्या तिने विचारलं, "तुमचा खडक कुठं हाय?"

हेमराजने किनाऱ्यावर नजर फिरवली. ओहोटी होती. पाणी दूर गेलेलं, आणि बऱ्याच पुढे एक काळा, रुंद, बऱ्यापैकी सपाट दगड दिसत होता. त्याने तो दाखवला. दीपमाला पुऱ्यांचा डबा घेऊन निघाली. मागे तो, गाडीकडे दोनदा वळून पाहत.

तो दगड शेवाळाने हिरवा झालेला होता आणि त्याला बारीक शिंपले चिकटले होते. किनाऱ्यावरच्या कुणालाही यावरून कळलं असतं की हा रोज पाण्याखाली जातो. पण आपल्याकडचं पाणी एकदा तळ्यात भरलं की उन्हाळ्यापर्यंत जागा सोडत नाही. दिवसातून दोनदा येणारं-जाणारं पाणी हेमराजच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं. अर्धा तास थांबणाऱ्याला भरती दिसत नाही. दोघं त्यावर बसले, जेवले. दीपमालाने पांढऱ्या पक्ष्याची चौकशी केली. आज आला नाही, हेमराज म्हणाला.

मग काठावरच्या शहाळीवाल्याने हाका मारायला सुरुवात केली. भरती लागलीय, हा खडक बुडणारा आहे, लगेच बाहेर या, असं तो सांगत होता. हेमराजने वळून पाहिलं तर खडकाच्या मागच्या बाजूनेही पाणी आलं होतं, घोट्याच्या वर. त्याने पँट दुमडली आणि खाली उतरला. दीपमालाने डबा डोक्यावर धरला आणि मागोमाग उतरली.

चार पावलं गेले असतील. एक लाट आली, गुडघ्यांपर्यंत चढली आणि मागे फिरली. हेमराजच्या पायाखालची जमीनच निघाली. असला घाट त्याने कधी उतरला नव्हता. तो दीपमालाच्या दंडाला दोन्ही हातांनी लटकला, त्याचा चेहरा पांढरा पडला, आणि हलावं की थांबावं हेही त्याला सुचेना.

"घाबरू नका," ती म्हणाली. "पाय घट्ट ठेवा. वाळू सरकते, आपण नाई सरकत. थांबा, मंग चला."

ती लुगडं नेमकं जिथवर खोचायचं तिथवर खोचून उभी होती. लाट गेली की चालायची, लाट आली की थांबायची. अशी ती त्याला बाहेर घेऊन आली. शहाळीवाला हसला आणि पहिल्यांदाच आलात वाटतं, म्हणाला. हेमराजने मान खाली घातली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोघं कोरड्या वाळूवर बसले. मागे पाहिलं तर खडकाचा आता माथाही दिसत नव्हता. हेमराज म्हणाला, "मी कधीच नाई गेलतो पाण्यात. खडकही आजच पाह्यला."

"मले मालूम हाय."

"केव्हापासून?"

"मनकर्णाबाई जाऊन आल्या तवापासून. कोकणातून आलेल्या माणसाच्या कपड्यातून वाळू निघते. मनकर्णाबाईच्या मालकाच्या खिशातून मूठभर निघालती. तुमच्या पँटा मी इतके वर्षं धुवून राह्यली, एक कण नाई निघाला कधी."

"मंग बोलली काऊन नाई?"

"बोलली असती तर तुम्ही सांगनंच बंद केलं असतं. मले आवडे थे आयकाले."

हेमराज वाळूत बोटाने रेघा ओढत राहिला. मग त्याला सुचलं आणि त्याने विचारलं, सगळं ठाऊक होतं तर आज खडक विचारून त्याला तोंडघशी का पाडलं.

दीपमालाने डब्यावरचं पाणी झटकलं, झाकण लावलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"नसता इचारला, तर तुम्ही माझ्यासंगं गाडीतून उतरले असते का?"

हेमराजने विचार केला. आता खोटं बोलण्यात काही अर्थ नव्हता.

"नसतो उतरलो," तो म्हणाला.