सूत, मीठ आणि सोनं

कूलरला नवा वाळा लावला की त्या ओल्या वासासरशी मला मार्चमधला दुपारचा एक तास आठवतो. शहरातल्या सदर भागाजवळच्या एका कॉलेजात मी त्या वर्षीच अर्थशास्त्र शिकवायला लागलो होतो. उमरेडच्या विणकराचा मुलगा मी. घरची बोली कुणाला कळू नये म्हणून पुस्तकी मराठी घोकून वर्गात जायचो. त्या दिवशी खिडकीला वाळ्याचा भिजलेला पडदा होता, पंखा करकरत होता आणि मागणीची लवचिकता, म्हणजे भाव वाढला की मागणी किती घटते ते, ऐकता ऐकता अर्धा वर्ग डुलक्या घेत होता. मी वैतागलो आणि तोंडून निघून गेलं, "काहून झोपून राहिले गा सगळे?" वर्गात हशा उसळला. मला कुठं तोंड लपवावं कळेना. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक आडदांड मुलगा उठला. "सर, समजून नाही राहिलं म्हून झोपून राहिलो. आता बोलले तसंच सांगा ना." तो थट्टा करत नव्हता. मी फळ्याकडे तोंड करून चाचरत म्हणालो, "सूत महागलं का लुगडं दुकानात पडून राहते. मीठ महागलं तरी लोकं घेतेतच ना!" एका मुलीनं विचारलं, "अन् सोनं, सर?" वर्षभरात मला आलेला तो पहिला प्रश्न. मग हात वर होतच राहिले, आणि प्रत्येक उत्तरागणिक माझी कानशिलं तापत गेली. आज नवे प्राध्यापक विचारतात, हल्लीच्या मुलांना वर्गात गुंतवायचं कसं? त्यांच्या बोलीत बोला, असं मी झटकन सांगतो. पण ती माझ्या आईचीही बोली होती आणि मला तिचीच लाज वाटत होती, हे सांगताना जीभ अजून अडखळते.