पाण्याची सोय : होय / नाही

"ओंजळ कर," पाणक्या म्हणाला.

माझ्याआधी सर तांब्यानं पाणी प्याले होते. वर्गातली पाच पोरंही प्याली. माझी पाळी आली तसा त्यानं तांब्या मागं घेतला. "बौद्धवाड्यातल्या तानूची लेक न्हवं तू? मग?"

पोरं बघत होती. मी ओंजळ केली. तहान लागली होती. खोटं कशाला सांगू?

दुष्काळाचं साल. आमच्या गावाजवळ रस्त्याचं सरकारी काम निघालं होतं. आई तिथं खडी फोडायची. कराडच्या कॉलेजातून आम्ही अर्थशास्त्राची पाहणी करायला गेलो होतो. फॉर्मवर प्रश्न होता : कामावर पिण्याच्या पाण्याची सोय आहे काय? होय / नाही.

मी आईलाच विचारलं. तिनं मुकादमाकडं बघितलं. "व्हय लिव गं बाय. उद्या कामावरनं काढलं तर?"

मी 'होय' लिहिलं. हात ओले होते. शाई फुटली.

दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी कोरा फॉर्म पुढं टाकला. "स्वच्छ लिहून दे."

"सर, तिथं पाणी सगळ्यांना सारखं मिळत नाही."

"पाणी आहे ना? ती वस्तुस्थिती. ते कसं द्यावं, हा नीतीचा प्रश्न. तो अर्थशास्त्रात येत नाही."

"हिला कीर्तनाला उभी करा, सर!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला.

फ्रीशिपचा अर्ज सरांच्या टेबलावर होता, सहीवाचून. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

लिहिलं : पाणी आहे. बौद्धवाड्यातल्या नऊ बायकांना तांब्या देत नाहीत. त्या सगळ्यांच्या शेवटी, उरलं तर, ओंजळीनं पितात. काल मीही तशीच प्याले. आईचं नाव घातलं नाही. माझं घातलं.

"ही नीती नाही, सर. डोळ्यांनी बघून, मोजून लिहिलंय."

"ते खोड. मग सही करतो."

"खोडणार नाही."

सही झाली नाही, फीही माफ झाली नाही. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मुकादमानं हाक मारली की दचकायची. ते दचकणं माझ्यातही उतरलं. पदवी घेतली, नोकरी लागली, तरी ते गेलं नाही.

आता पाहणीचे कागद माझ्या टेबलावर येतात. सगळीकडं 'होय' असतं. मी विचारते, शेवटी कोण प्यालं? साहेब चिडतात. उत्तर येईपर्यंत मी सही करत नाही.