वळणाच्या बाहेरची गर्दी

मी हटवलेले लोक पुन्हा वळणावरच येऊन उभे राहिले.

संग्रामपूरजवळच्या एका पडीत शेतात हौशी चालकांची कार रेस होती. टायर मांडून मातीचा ट्रॅक आखला होता. मी सेफ्टी ऑफिसर. म्हणजे माझी सही झाल्याशिवाय रेस सुरू होत नाही.

वेगातली गाडी वळणावर घसरली की बाहेरच्या बाजूला फेकली जाते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हे गणित तिथल्या सरांनी शिकवलं, त्यावर आज माझं घर चालतं. त्याच गणिताने मी लोकांसाठी वळणाच्या आत जागा केली होती. ती रिकामी होती. सगळे बाहेर.

सर्वांत पुढे महादेवराव. त्यांचा मुलगा पवन पहिल्यांदाच रेसमध्ये उतरणार होता.

"काका, आत चला. गाडी घसरली तर इथेच येईल."

"माहं पोरगं बराबर चालवते. त्याले काऊन नाव ठेवता?"

"पवनचीच असं नाही. कोणाचीही."

"मंग बाकीच्याईले सांगा ना." मागे हशा पिकला.

आयोजक गजूभाऊ घाईत होते. "साहेब, करा सही. शंकरपटाले लोकं असेच उभे राह्यतात. बैलजोडी आली का बाजूले होतात."

"बैलांना समोरचा माणूस दिसतो, गजूभाऊ. घसरलेली गाडी चालकाचंही ऐकत नाही."

पण मला कोडं पडलं होतं. आतली जागा जवळची, सावलीची. मग नको का? मी स्वतः तिथे जाऊन उभा राहिलो आणि पवनला सावकाश सरावाची एक फेरी मारायला सांगितलं. गाडी वळली आणि धुळीचा लोट सरळ माझ्या तोंडावर आला. गाडी दिसलीच नाही. दातांत माती कचकचत होती. सातपुड्याकडून येणारा वारा सगळी धूळ आत ढकलत होता.

"टँकर बोलावतो, पाणी मारू," गजूभाऊ म्हणाले.

"ही काळी माती आहे. भिजली की सगळ्याच गाड्या घसरतील."

मग लक्षात आलं, इथे पक्कं काहीच नव्हतं. नुसते टायर. "उजवीकडचं वळण डावीकडे घेऊ," मी म्हणालो. "लोक आहेत तिथेच राहतील, पण वळणाच्या आत येतील. वारा त्यांच्या पाठीशी."

"त्याले वेळ लागन. अन् उद्घाटनाचे पाहुणे येऊन बसले त्याईचं?"

"त्यांना चहा द्या."

टायर हलवायला महादेवरावही आले. रेस लवकर सुरू व्हावी, एवढाच त्यांचा हेतू. लोकांपुढे बांधलेला दोर मागे घेतला, ट्रॅक ओलांडून येण्याची वाट रेसपुरती बंद केली आणि मी सही केली.

दुसऱ्याच फेरीत पवनने ब्रेक उशिरा मारला. मागची चाकं सुटली, गाडी आडवी घसरत पलीकडच्या रिकाम्या शेतात गेली. महादेवरावांनी माझा दंड घट्ट धरला होता. पवन बेल्ट सोडून स्वतःच बाहेर आला, हेल्मेट काढलं, हात हलवला. तेव्हा कुठे माझा दंड सुटला.

"सकाळचंच वळण असतं तं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडे आली असती."

त्यांनी समोरचा दोर हातात धरला. मग म्हणाले, "हा दोर अजून जरासा मांगं घ्या."

हल्ली मी ट्रॅक तपासताना आधी प्रेक्षकांच्या जागेवर जाऊन उभा राहतो. दोर नंतर बांधतो.